शौर्यची धुंड

मेलेला कावळा टोमॅटोच्या वाफ्यावर उलटा टांगून झाल्यावर लालसिंग दोन पावलं मागं सरकला, मोबाइलवर त्यानं फोटो काढला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हा फोटो ग्रुपवर टाकण्यासारखा नाही. एसटीतल्या निवृत्त मंडळींच्या त्या ग्रुपवर तो रोज सकाळी आपल्या परसबागेतली एक भाजी टाकत असे. काल वांगं टाकलं होतं, खाली ‘साधेपणातला आनंद’ असं लिहिलं होतं, आणि सतरा जणांनी हात जोडले होते. कावळ्याला कोणी हात जोडले नसते. म्हणून त्यानं शेजारच्या लालबुंद टोमॅटोचा फोटो घेतला, कोपऱ्यात कावळ्याचा पाय येत होता तेवढा कापून काढला आणि लिहिलं, ‘वसंत आला.’

“बापू, याडी सुरा मागून राहिली,” मागच्या दारातून त्याची लेक रूपा आईचा निरोप सांगत म्हणाली. “बोकड बांधून ठेवलं. पोरं खोळंबलीत.”

“आलो म्हणाव तुझ्या याडीला. एवढ्या अळ्या मारतो.”

परसबागेत आपण अत्यंत शांत माणूस असतो, असं लालसिंगचं स्वतःचं मत होतं. सेनगाव तालुक्यातल्या त्या तांड्यावर घरामागं एवढी बाग दुसऱ्या कोणाची नव्हती. दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणून त्यानं प्रत्येक वांग्याच्या बुडाशी थेंब थेंब पाणी लावलं होतं. मेथी होती, कोथिंबीर होती, शेवग्याला फूल आलं होतं, भोपळ्याचा वेल न्हाणीवर चढला होता. या सगळ्यासाठी त्यानं हिवाळ्यात गोफणीनं एका माकडाचा पाय मोडला होता, गोगलगायी मिठाच्या डब्यात कोंडल्या होत्या आणि उंदरांच्या बिळात उकळतं पाणी ओतलं होतं. अळ्या मात्र तो चिमटीत धरून एकेक चिरडायचा, कारण औषध मारलेली भाजी तब्येतीला बरी नसते.

रूपा टोपली घेऊन वाफ्यात उतरली आणि उजव्या हातानं वांगी तोडू लागली. डाव्या मनगटाला पट्टी होती. मनगट माघात मोडलं होतं. आता फाल्गुनाची पुनव होऊन गेली. पहाटे होळी पेटवून तांडा नुकताच घरी परतला होता, आणि आज तिच्या पाच महिन्यांच्या पोराची, शौर्यची, धुंड, म्हणजे नव्या लेकराचा होळीतला सोहळा, होती. तीन वाजता धुंडीचं जेवण आटोपलं की तिचा नवरा रणजीत तिला आणि पोराला जीपमध्ये घालून पुसेगावकडच्या आपल्या तांड्यावर नेणार होता. तशी जबान लालसिंगनं नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, दिली होती.

“बापू, म्या न्हाई गेले तं?”

“जबान देलीय ना बाई. नायकासमोर. दोन्ही तांड्याची माणसं होती.”

“मनगट अजून ठणकून राहिलं.”

“ठणकंल. हाड हाय ते. हाडाला टाइम लागतो.” त्यानं एक जाडजूड हिरवी अळी पानासकट काढली. “हे बघ पोरी, माणूस शांत व्हतो. वय झालं की आपोआप व्हतो. मला बघ. आता चढतो का माझा आवाज?”

“तुमी कवा झाले शांत?”

“रिटायर झालो तवापासून.”

“म्हंजी अठ्ठावन्न.” रूपानं वांगं टोपलीत टाकलं. “रणजीत अठ्ठावीसचा हाय.”

लालसिंगनं एकतीस वर्षं तिकिटं फाडली होती. ही वजाबाकी त्याला बोटं न मोडता येत होती. ती त्यानं केली, आणि पुढची अळी शोधू लागला.

एकतीस वर्षं कंडक्टरकी करताना त्यानं गाडीत कधी कोणाला अरे-तुरे केलं नव्हतं. पिऊन चढणाऱ्याला, कोंबड्यांची डालगी सीटवर ठेवणाऱ्याला, अर्ध्या तिकिटासाठी मिसरूड फुटलेल्या पोराला कडेवर घेणाऱ्याला, सगळ्यांना तो हात जोडून बोलायचा. साखऱ्याच्या फाट्यावरची माणसं त्याला ‘महाराज’ म्हणत. दिवसभर गिळलेला राग संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी यायचा, कारण त्याला मधे कुठं थांबा नव्हता. तिकिटाच्या पिशवीला चांगला रुंद कातडी पट्टा असायचा. तो पट्टा बायकोच्या, मिराबाईच्या, पाठीवर पडायचा. रोज नाही, लालसिंग काही बेताल माणूस नव्हता. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, सुट्टीच्या आदल्या दिवशी हमखास. एकदा बक्कल कानाला लागलं, तेव्हापासून मिराबाईला डाव्या बाजूनं हाक मारली तर ओ येत नसे. मग तो निवृत्त झाला. नियमाप्रमाणे पिशवी डेपोत जमा करावी लागली, पट्ट्यासकट. दुसऱ्या दिवसापासून मार बंद झाला. मिराबाईनं कारण विचारलं नाही. लालसिंगला वाटलं, आपण सुधारलो. मग त्यानं वांगी लावली.

म्हणून नसाबीत त्यानं जबान दिली ती अनुभवानं दिली होती. माघातली ती नसाब चांगली चार तास चालली. लिंबाखाली सतरंजी होती, दोनदा चहा झाला. रणजीतनं सांगितलं की आपण सेनगाव ते हिंगोली काळीपिवळी मारतो, डोक्याला ताप असतो, आणि त्या दिवशी बायकोनं फोन उचलला नाही. अकरा वेळा लावला. रूपानं सांगितलं की लेकराला न्हाऊ घालत होते, हात तेलाचे होते. पंचांनी दोन्ही बाजू तोलल्या. तांड्याचे प्रमुख मोहनसिंग नायक म्हणाले, “मारलं ते चुकलंच. पण हात मोडावा म्हणून मारलं न्हाई, मारलं अन् हात मोडला. फरक हाय त्यात.” रणजीतनं नायकाच्या पाया पडून माफी मागितली. रूपाच्या पाया पडायचा रिवाज नाही. धुंड खरं तर बापाच्या तांड्यावर व्हायची, पण सून माहेरी आहे, हात गळ्यात आहे, तर या वर्षी इथंच करा आणि धुंड झाली की सून पाठवा, असा निकाल झाला. लालसिंग ‘व्हय’ म्हणाला. मिराबाई दारात उभी होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती नेमकी उजवीकडं वळून उभी होती.

बोकड लालसिंगनं स्वतःच्या हातानं कापला. तांड्यावर मटण गडी माणसं शिजवतात, आणि लालसिंगच्या हाताची सळोई, म्हणजे रक्त-काळजाचा रस्सा, खायला लोक दुसऱ्या तांड्यावरून यायचे. पातेलीत रक्त धरलं, मीठ घालून ढवळलं, काळीज-फुप्फुस बारीक चिरलं, बागेतल्या हिरव्या मिरच्या दगडावर ठेचल्या. तिकडं चुलीवर मिराबाई पुऱ्या आणि गुळगुले तळत होती. गुळाचा खरपूस वास आणि रक्ताचा कच्चा वास अंगणात एकमेकांत मिसळून गेले होते. शौर्य उताणा पडून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होता. शेजारच्या बायका आल्या होत्या, एकमेकींच्या गालाला रंग फासत होत्या. फोटो काढला असता तर कोणीही म्हणालं असतं, घर असावं तर असं.

साडेदहाला रणजीतची जीप आली. पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, हातात पोरासाठी तीन चाकांची प्लास्टिकची सायकल.

“राम राम मामा.” तो वाकून लालसिंगच्या पाया पडला. तोंडाला वास होता, पण सणाच्या दिवशी तो मोजायचा नसतो. “मामी, पाया पडतो. अरे वा, लय भारी बाग केली मामा! तोडच न्हाई. आमी बी म्हातारपणी असंच करणार बघा. शांतपणे.”

“कर ना,” लालसिंग म्हणाला. का कोण जाणे, त्याला हे कौतुक फारसं आवडलं नाही.

रणजीतनं शौर्यला हवेत उडवून झेललं, दोनदा. तिसऱ्यांदा मिराबाईनं मधेच काढून घेतलं. मग तो रूपाकडं वळला, आणि हसत, अगदी प्रेमानं म्हणाला, “फोन चार्ज हाय ना?”

रूपाच्या हातातून लाटणं पडलं. तिनं ते उचललं, फुंकर मारली आणि पुरी लाटायला घेतली. लालसिंग सळोईखालचा जाळ सारखा करत होता. त्यानं ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी त्यानं एक लाकूड उगाच आत सारलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत धूर गेला.

दुपारी डफडं वाजायला लागलं आणि धुंड सुरू झाली. रूपा पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. तांड्यातल्या जवान पोरांनी तिच्या डोक्यावर एक लांब काठी आडवी धरली आणि तिच्यावर आपापल्या काठ्या बडवत गाणं म्हटलं: पोरा मोठा हो, दांडगा हो, तांड्याचं नाव कर. शौर्यनं आधी डोळे विस्फारले, मग भोकाड पसरलं. सगळे खूश झाले. रडणारं पोरगं मजबूत निघतं.

मग खरा खेळ. अंगणात, बागेच्या तोंडाशी, एक जाड खांब रोवला होता. त्याला पुऱ्या-गुळगुल्यांनी भरलेलं मडकं दोरखंडानं बांधलं होतं, आणि बायकांनी दोराला गाठीवर गाठ मारली होती. खांबाभोवती तांड्याच्या बायका, म्हणजे गेरणी, काठ्या घेऊन उभ्या. गड्यांनी आत घुसायचं, गाठी सोडायच्या, मडकं पळवायचं. बायकांनी मारायचं. नियम एकच, आणि तो तांड्यावर तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो. गेरणीनं मारावं, गड्यानं खावं. भाऊ असो, दीर असो, नायक असो, त्या रिंगणात गड्याचा हात बाईवर उठत नाही. मडकं गड्याच्या हातात आलं की काठ्या थांबतात, नायक उभा राहतो, आणि ते अन्न लेकराच्या नावानं वाटतात. वर्षातला हा एक तास. बाकीचं वर्ष दुसऱ्या बाजूनं भरून निघतं.

काही तांड्यांवर बायका तुराट्या घेतात. त्या पाठीवर पडल्या की मोडतात, आवाज मोठा होतो, लागत नाही. या वर्षी नानीबाईनं निर्गुडीच्या ओल्या काठ्या तोडून आणल्या होत्या. सत्तरीची नानीबाई लालसिंगच्या चुलतभावाची बायको. गेरणींची म्होरकी तीच.

“भाबी, लय जाड आणल्या की,” लालसिंग म्हणाला.

“तुला काय करायचं? तू म्हातारा झाला, तू बस तिकडं. तुझ्या टमाट्याजवळ.”

बायका खिदळल्या. लालसिंगही हसला. आजानं रिंगणात उतरायचं नसतं. त्याचं काम बघायचं. रूपानं शौर्यला त्याच्या हातात दिलं, ओढणी कमरेला खोचली आणि उजव्या हातात काठी घेऊन खांबाकडं गेली.

“ये, तुझा हात मोडेल हाय, तू काहून?” कोणीतरी म्हणालं.

“एक हाय ना चांगला,” रूपा म्हणाली.

पहिल्या झुंडीला मार बसला आणि ती आरडत मागं फिरली. एका पोराच्या पिंढरीवर वळ उठला, दुसऱ्यानं डोक्यावर पोतं घेतलं होतं तर नानीबाईनं पोत्यासकट झोडलं. हशा झाला. मग पोरं ओरडली, “जमाई! जमाई!” आणि रणजीतला आत ढकललं. बापाला जास्त मार, असा प्रेमाचा प्रघात. नानीबाईनं कुल्ल्यावर एक दिली. रणजीत हसला. दोघीतिघींनी पाठीवर दिल्या. तो “मेलो, मेलो” म्हणत हसतच होता. एक गाठ त्यानं सोडली.

रूपानं मागून त्याच्या पाठीवर काठी मारली. हलकेच. त्यानं वळून बघितलं, हसला. तिनं दुसरी मारली. ती हलकी नव्हती. तिसरी मांडीवर बसली, आणि अंगणभर आवाज आला. बायकांनी हाळी दिली, “घे जमाई, फोन आला! उचल!”

अख्खं अंगण हसलं. नायकसुद्धा.

रणजीतचं हसू थांबलं. लालसिंग समोरच होता. त्यानं तो चेहरा बघितला. ओठ आत ओढलेले, डोळे एकदम रिकामे, जणू घरात कोणी नाही. तो चेहरा लालसिंगनं आरशात कधी पाहिला नव्हता. पण आतून तो त्याला पुरता माहीत होता. पुढं काय होणार हे अंगणात त्याला एकट्याला कळलं, आणि कळूनही तो जागचा हलला नाही. त्याच्या दोन्ही हातांत शौर्य होता. म्हणून काही करता आलं नाही, असं त्याला नंतर म्हणता आलं असतं. त्यानं तसं कधी म्हटलं नाही.

रणजीतनं रूपाच्या हातातली काठी हिसकली आणि तिच्या तोंडावर मारली. अंधारात माणूस पायानं चप्पल चाचपतो तितक्या सहज. ती मेथीच्या वाफ्यात आडवी झाली. त्यानं दुसरी मारली, ती तिनं डाव्या हातावर झेलली, आणि जी किंकाळी निघाली ती ऐकून डफडं थांबलं. मग त्यानं लाथ घातली. एक, आणखी एक. “फोन उचलत न्हाई? फोन?” तो म्हणत होता. आपण कुठं आहोत हे त्याला आठवायला एवढा वेळ लागला. त्यानं वर बघितलं. सगळा तांडा त्याच्याकडं बघत होता.

“गेरणीवर हात?” मोहनसिंग नायकांचा आवाज थरथरत होता. रूपाचं मनगट मोडल्याचं ऐकतानाही तो इतका थरथरला नव्हता. “धुंडीत? गेरणीवर?”

“नायक, चुकून...”

पुढचं त्याला बोलता आलं नाही. नानीबाईची काठी त्याच्या तोंडावर बसली होती. हा मार खेळातला नव्हता. गॉगल फुटला, दात गेला. तो बागेत पळाला आणि वीस बायका त्याच्यामागं बागेत शिरल्या. टोमॅटोचे बांबू मोडले, सलाइनच्या बाटल्या फुटल्या, कोणीतरी बांबूच उपसून घेतला. न्हाणीच्या भिंतीवर चढायला त्यानं भोपळ्याचा वेल धरला, तर वेल भोपळ्यांसकट त्याच्या अंगावर आला. वांग्याच्या सरीत तो गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. निर्गुडीच्या काठ्या ओल्या असतात, मोडत नाहीत. दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून, जोंधळा बडवतात तसं बायका मारत होत्या. ओरडत नव्हत्या, हे लालसिंगला सगळ्यात जास्त जाणवलं. एकीनं नणंदेचं नाव घेतलं, एकीनं कुठल्यातरी गावाचं. कोण कोणाला मारत होतं, हे त्या एका माणसावरून सांगता आलं नसतं. रक्त आधी शर्टावर दिसलं, मग पानांवर.

शेवटी जवान पोरांनी पोत्यांची ढाल करून त्याला ओढून काढलं. हिंगोलीच्या दवाखान्यात नंतर कळलं की बरगड्या मोडल्या, उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच्याच जीपमध्ये त्याला आडवा घातला आणि दुसऱ्याच कोणीतरी जीप चालवली. तीन चाकांची सायकल अंगणात राहिली.

नसाब उभ्या उभ्या बसली. चहा झाला नाही. नायक म्हणाले, “ज्यानं गेरणीवर हात टाकला त्याच्याशी या तांड्याचा रोटी-पाण्याचा संबंध तुटला. लालसिंग, तुझी जबान मोकळी. पोरगी जाणार न्हाई.”

रूपा मेथीतून उठून बसली होती. भुवई फाटली होती, अर्धं तोंड रक्तानं माखलं होतं, डावा हात मांडीवर पडला होता, जणू तो तिचा नव्हताच. तिनं विचारलं, “नायक काका, एक सांगा. घरी मारलं तं चालतं, अन् इथं मारलं तं न्हाई चालत?”

नायकांनी विचार केला. तसे ते विचारी गृहस्थ होते.

“घरचं येगळं असतं पोरी,” ते म्हणाले. “ह्यो रिवाज हाय.”

रूपा हसायला लागली. हसताना भुवईतलं रक्त डोळ्यात गेलं तरी थांबेना, तेव्हा बायकांनी तिला उचलून ओसरीवर नेलं आणि जखमेत हळद भरली. हाताला फळ्या बांधल्या. सेनगावहून गाडी बोलावली होती. ती यायला अर्धा तास होता.

“मडकं!” नानीबाईला आठवलं.

मडकं खांबालाच होतं. ते तसंच राहिलं तर लेकराला दोष लागतो; कोणीतरी गड्यानं सोडवलंच पाहिजे. नायकांनी पोरांकडं बघितलं. पोरांनी बायकांच्या हातातल्या काठ्यांकडं बघितलं, त्यांच्या टोकाकडं बघितलं, आणि एकेक पाऊल मागं घेतलं. एवढ्या गोंधळात एकच गेरण खांब सोडून गेली नव्हती. मिराबाई. सगळ्या रणजीतमागं धावल्या तेव्हाही ती तिथंच, काठी उभी धरून, पाय रोवून होती. जावयाला तिनं एकही काठी मारली नव्हती. त्याच्याकडं तिचं काही काम नसावं.

लालसिंगनं शौर्यला रूपाजवळ नेऊन ठेवलं. मग टोपी काढून ओसरीवर ठेवली आणि तो रिंगणात गेला.

“आजा कवापासून उतरायला लागला?” नायक म्हणाले.

मिराबाई नवऱ्याकडं बघत होती. तो तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, तिला ऐकू यावं म्हणून.

“तुमी कशाला?” ती म्हणाली.

“लेकराचं काम हाय.”

“काठी खरी हाय.”

“दिसून राहिली मला.”

त्यानं दोराला हात घातला. पहिली काठी पाठीवर आली, तशा दोघीतिघी सवयीनं हसल्या. दुसरीला कोणी हसलं नाही. तिसरीला लालसिंगचा गुडघा वाकला, त्यानं खांब धरला आणि पुन्हा गाठ चाचपली. एकतीस वर्षं चालत्या गाडीत, खड्ड्यांतून, त्यानं सुटे पैसे आणि तिकिटं एका हातानं हाताळली होती. गाठी सोडायला त्याच्याइतकी चपळ बोटं तांड्यावर दुसरी नव्हती. त्या दिवशी मात्र ती सावकाश चालली. एक गाठ सुटली. पाठीवर, त्याच जागी, पुन्हा काठी पडली. मिराबाई घाई करत नव्हती. दरवेळी ती काठी पूर्ण मागं न्यायची, एक श्वास घ्यायची आणि मग आणायची. सदरा फाटला. खांद्यावर एक बसली तेव्हा आतून काहीतरी वाजलं आणि त्याचा उजवा हात दोरावरून आपोआप खाली आला. त्यानं डाव्या हातानं पुढची गाठ धरली.

“अगं बास, मरंल तो!” गर्दीतून एक गडी म्हणाला.

“मधी बोलू नको,” नानीबाई म्हणाली. “मडकं हातात आलं न्हाई अजून.”

लालसिंग एकदाही “मेलो” म्हणाला नाही. तोंडातून हुंकारासारखा आवाज यायचा, तेवढाच. तो आवाज मिराबाईच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो तिचा होता. शेवटची गाठ सगळ्यात घट्ट होती. ती त्यानं दातांनी सोडली. मडकं सुटलं आणि त्याच्या छातीवर आलं. मिराबाईची काठी वर होती. ती तशीच राहिली, थोडा वेळ. मग नियम होता म्हणून खाली आली.

नायक खाकरून म्हणाले, “वाटा.”

लालसिंगनं मडकं काखेत धरलं आणि पोरांपासून सुरुवात केली.

“लालसिंग,” नायक हळूच म्हणाले, “डाव्या हातानं नको रे. लेकराच्या नावाचं हाय.”

“उजवा उचलून न्हाई राहिला, नायक.”

तो डाव्याच हातानं वाटत गेला. पोरांना दिलं, गड्यांना दिलं, नानीबाईला दिलं. ओसरीवर रूपाला दिलं. तिचा जबडा आता सुजून हलत नव्हता, म्हणून गुळगुला कुस्करून तिच्या तळहातावर ठेवला. शेवटी तो मिराबाईसमोर आला आणि उरलेला गुळगुला त्यानं पुढं केला.

मिराबाईनं काठी या हातातून त्या हातात घेतली, मोकळा झालेला हात लुगड्याला पुसला, आणि गुळगुला घेतला. उभ्यानंच खाल्ला, सगळा, सावकाश. काठी मात्र तिनं खाली ठेवली नाही.